सोलापूरच्या परसबागेसाठी गावरान बी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीचा गड्डा संपत येतो, होम मैदानावरचे पाळणे उतरायला लागतात आणि त्याच सुमाराला ओळखीपाळखीच्या लोकांचे मला ठरावीक प्रश्न सुरू होतात. बी कुठलं घेऊ, कधी टाकू, मागच्या वर्षीचं चालेल का, डब्यातल्या पुड्यांवरची नावं पुसली आहेत, आता काय करू? जुळे सोलापुरात माझी गच्ची आहे आणि घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा. तिथे बरीच वर्षं जे केलं आणि जे बिघडवलं, त्यातून ही उत्तरं दिली आहेत.

सोलापुरात वसंत असतो तरी कधी?

पंचांगात चैत्र-वैशाख. पण पाडव्याची गुढी उभारायला गच्चीवर गेलात की पाय भाजतात, हे सगळ्यांना माहीत आहे. भाजीच्या हिशेबानं आपला वसंत संक्रांतीपासून होळीपर्यंत. उन्हाळी भाज्यांचं बी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत जमिनीत पडायला हवं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की वेल झपाट्यानं वाढतात. तोवर ते रुजलेले असले तर एप्रिलच्या झळा सोसतात. मार्चमध्ये आठवण झाली तर भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा आणि अंबाडी एवढ्यावर समाधान माना. एप्रिलमध्ये नवीन काही पेरू नका, उगाच बी वाया जातं.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. हाच काळ हिवाळी भाज्यांचं बी काढण्याचा. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि बी मार्चपर्यंत वाळतं. म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं गोळा करायचं. नेमकी तेव्हाच घरातली मंडळी ‘ती वाळकी झाडं उपटून टाक’ म्हणून मागे लागतात. उपटू नका.

गावरान, देशी, सरळ, सुधारित, संकरित: यात फरक काय?

गावरान किंवा देशी म्हणजे एखाद्या भागात पिढ्यान्‌पिढ्या धरलेलं बी. त्याला बहुतेक वेळा नाव गावाचं किंवा रूपाचं असतं: काटेरी वांगं, लवंगी मिरची.

सुधारित सरळ वाण हे संशोधन केंद्रात निवड करून किंवा संकर करून, मग कित्येक पिढ्या स्थिर करून दिलेले असतात. पुसा रुबी टोमॅटो, परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका भेंडी, मांजरी गोटा वांगं ही त्यातली जुनी नावं. यांचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी तेच झाड मिळतं. काही लोक ‘ते विद्यापीठाचं, गावरान नव्हे’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याचं बी धरता येतं ते आपलंच.

संकरित, म्हणजे पाकिटावर ‘एफ-1’ लिहिलेलं, हे दोन वेगळ्या आईबापांचं पहिलं लेकरू. ते एकसारखं आणि जोमदार येतं, पण त्याचं बी धरलंत की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन बाहेर पडतात. एक झाड बुटकं, एक उंच, एकाची फळं लांब, एकाची गोल. संकरित लावणं काही पाप नव्हे. फक्त त्याचं बी जपून ठेवण्यात अर्थ नाही.

याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपण सगळे खातो. मोहोळच्या संशोधन केंद्रानं तिथल्या स्थानिक मालदांडीतूनच निवड करून ‘एम 35-1’ हा वाण दिला आणि रब्बीत तो दूरवर पसरला. पाऊस संपल्यावर काळ्या रानातल्या उरलेल्या ओलीवर येणारं हे पीक. बाहेरून काही आणावं लागलं नाही. जे इथल्या मातीत टिकत होतं, त्यातलं चांगलं उचललं. आपण परसबागेत करायचं ते हेच, फक्त बारा झाडांवर.

पाकिटावर ‘बिगर-जीएम’ असं मोठ्या अक्षरात असतं. ते जास्त चांगलं का?

त्यासाठी चार पैसे जास्त देऊ नका. भारतात जनुक बदललेल्या, म्हणजे जीएम, अशा कुठल्याच भाजीच्या बियाण्याला विक्रीची परवानगी नाही. जनुक बदललेल्या बीटी कापसाला ती 2002 साली मिळाली. बीटी वांग्याला फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती आली आणि आपल्याकडे ते वांगं बाजारात आलंच नाही. म्हणजे शेजारच्या साध्या पाकिटातली भेंडीही बिगर-जीएमच आहे.

पहिल्याच वर्षी काय निवडू?

घरात जे खाल्लं जातं ते. हे सांगावं लागतं, कारण पहिल्या वर्षी सगळे जांभळी कोबी आणि काळे टोमॅटो मागवतात आणि घरात कोण खाणार म्हटलं की गप्प बसतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात जांभळी कोबी गड्डा धरत नाही.

माझ्या मते नवख्यानं पाचच बिया घ्याव्यात: गवार, चवळी, भेंडी, दोडका आणि तांदुळजा. गवार तर उन्हाचीच लेक आहे. इतर झाडं दुपारी माना टाकतात तेव्हाही ती ताठ असते. गवार आणि चवळी दोन्ही स्वतःच्याच परागानं फळतात, त्यामुळे बी शुद्ध राहतं आणि नवख्याला चुकायला वाव नाही. भेंडीचं बी कडक असतं, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी टोकायचं. दोडक्याला मांडव लागतो. गच्चीच्या कठड्याला दोऱ्या बांधल्या तरी भागतं. तांदुळजा मुठीनं फेकला की आठवड्यात हिरवा पट्टा दिसतो, आणि दोन-तीन झाडं बियाला सोडली की ती स्वतःच सगळीकडे उगवतात. पुढे तुम्हाला त्याची तक्रार करावी लागेल.

दुसऱ्या वर्षी वांगं, मिरची, काकडी, दुधी घ्या. वांग्या-मिरचीची रोपं डिसेंबर-जानेवारीतच टाकलेली हवीत. फेब्रुवारीत बी टाकून मार्चअखेर रोप लावलं तर ते जगण्यातच उन्हाळा घालवतं.

कोथिंबीर-मेथी उन्हाळ्यात करायचीच असेल तर पूर्वेकडच्या भिंतीच्या सावलीत. किराणा दुकानातले धणे चालतात. फक्त ते अख्खे पेरू नका. जमिनीवर पसरून चपलेच्या तळव्यानं हलकेच रगडा, एका धण्याची दोन दळं होतात. प्रत्येक दळात एक बी असतं. जोर जास्त झाला तर भुगा होतो आणि मग ते आमटीत जातात.

आणि टोमॅटो? टोमॅटोशिवाय बाग कसली?

टोमॅटो आपल्याकडे हिवाळ्याचं झाड. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रीही गार झाल्या नाहीत की फुलं येतात आणि गळतात. झाड हिरवंगार, फळ नाही. ‘खत कमी पडलं का?’ असं तेव्हा हमखास विचारतात. खत कमी पडलेलं नसतं. ऑक्टोबरात रोपं लावलेली असतील तर वसंतात तुमच्या हातात फळं असतील. त्यातली दोन बियाला ठेवा. उन्हाळ्यासाठी नव्यानं लावू नका.

खात्रीचं गावरान बी मिळतं कुठे?

आधी घरात आणि गावाकडे शोधा. आत्याच्या घरी तुळईला टांगलेला दोडका, कणगीशेजारच्या गाडग्यातल्या राखेत ठेवलेला वाल, हे अजून सापडतं. मंगळवार बाजारात खेड्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना विचारा, ‘मावशी, ही काकडी गावरान आहे का, बियाची एक द्याल का?’ पिकून पिवळी पडलेली काकडी त्या बहुतेक वेळा फेकूनच देणार असतात.

विकतचं घेणार असाल तर पाकीट उलटं करून वाचा. उगवण किती टक्के, तपासणीची तारीख आणि वैधता पाहा. पहिली वैधता तपासणीपासून 9 महिन्यांची असते. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल, पायाभूतला, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात त्याला, पांढरं. बी गुलाबी किंवा लालभडक असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते पेरायचं, उरलेलं खायचं नाही आणि पक्ष्यांनाही टाकायचं नाही.

मी एकदा लांबून, सुंदर चित्राच्या पुडीतून ‘शंभर वर्षांचा वारसा’ असलेलं काकडीचं बी मागवलं होतं. दहा बियांतून सहा वेल आले आणि सहा तऱ्हेच्या काकड्या लागल्या. तेव्हापासून मी विकणाऱ्याला एकच विचारते: हे बी तुम्ही कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात काढलं? ज्यानं खरंच काढलंय त्याला उत्तर देताना विचार करावा लागत नाही.

राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बीजमातेनं देशी वाणांची बँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. पण त्यांचा भाग डोंगराळ आणि पावसाचा. तिथला घेवडा इथे तसाच येईल असं धरून चालू नका. बी कौतुकानं आणा, चार बिया लावून बघा, मग ठरवा.

जुन्या पुड्या सापडल्या आहेत. उगवतील का?

कशाच्या आहेत त्यावर आहे. कांद्याचं बी वर्षभरात जीव सोडतं. भेंडी, मिरची दोन-तीन वर्षं. गवार, चवळी तीनेक. वांगं, टोमॅटो चार. काकडी, दुधी, भोपळा चार-पाच. हे सगळं नीट ठेवलं असेल तर.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासा. सुती पंचाची पट्टी ओली करून पिळा, तिच्यात 20 बिया ओळीनं मांडा, गुंडाळी करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. दिवसाआड उघडून ओल बघा. भेंडी-चवळीचा निकाल आठवड्यात लागतो, मिरचीला दोन आठवडे द्या. 20 पैकी 12 उगवल्या तर 60 टक्के. मिरचीच्या प्रमाणित बियाण्यालाही किमान 60 चीच अट आहे, भेंडीला 65, टोमॅटोला 70. म्हणजे 60 म्हणजे नापास नव्हे, एका जागी दोन बिया टाकायच्या. 20 पैकी पाचच्या खाली गेलं तर ते बी सोडा. मात्र ते तुमच्याकडचं शेवटचं आणि दुर्मीळ असेल तर सगळंच्या सगळं यंदाच पेरा. ठेवून ते तरुण होणार नाही.

चौघांच्या घराला किती बी लागतं?

वाटतं त्यापेक्षा फारच कमी. भेंडीची 15 झाडं, दोडक्याचे दोन-तीन वेल, गवारीची दोन हात लांब ओळ. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात, तेवढ्यात गल्ली भागेल. सगळं बी एकाच वर्षी पेरू नका. निम्मं नेहमी मागे ठेवा. अवकाळी गारपीट, माकडं, तुम्हीच आठ दिवस लग्नाला गेलात, काहीही होऊ शकतं.

बियांच्या पुड्यांचा पसारा लावायचा कसा?

मी आधी अक्षरानुसार लावत असे. अंबाडी, काकडी, कारलं... दिसायला छान, कामाला निरुपयोगी. फेब्रुवारीत मिरची हाती लागायची आणि तिची वेळ टळलेली असायची. आता महिन्यांनुसार लावते. बिस्किटाचा मोठा चौकोनी डबा, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे: ‘संक्रांत ते शिवरात्र’, ‘होळीपर्यंत’, ‘मृग’, ‘दसरा’ आणि ‘यंदा नको’. पेरणी झाली की उरलेली पुडी पुढच्या कप्प्यात जात नाही, मागे ‘यंदा नको’त जाते. त्यामुळे एकच भेंडी तीनदा पेरली जात नाही.

पुड्यांसाठी लग्नपत्रिकांची पाकिटं. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. कागद जाड असतो, बी घामेजत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं ओलसर बी गेलं तर आठवड्यात बुरशी. पाकिटावर पेन्सिलीनं लिहा. जेलपेन पाण्याच्या एका थेंबानं पसरतं, स्केचपेन वर्षात उडतं, पेन्सिल टिकते. आणि आत एक चिठ्ठीही टाका, कारण पाकीट उंदीर खातो.

काय लिहायचं? नाव, कुणाकडून आलं, कुठल्या गावचं, काढल्याचा महिना आणि साल, आणि एक ओळ स्वभावाची. माझ्या एका पाकिटावर असं आहे: ‘दोडका, मोठ्या जाऊबाई, बार्शी, एप्रिल 2022, उशिरा लागतो पण मे अखेरपर्यंत थांबत नाही, शिरा कडक.’ पुढच्या वर्षी पेरायचं की नाही हे ती शेवटची ओळ ठरवते. ‘छान’ असं लिहू नका. काय छान, हे तुम्हाला आठवणार नाही.

एकाच बियाला तीन नावं आहेत. मग काय लिहायचं?

सोलापुरात हे व्हायचंच. आपण जिला अंबाडी म्हणतो तिला पूर्व भागातले तेलुगू शेजारी गोंगुरा म्हणतात आणि अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे पुंडी. मी एका वर्षी तिन्ही नावांनी तीन पुड्या जमवल्या होत्या आणि तीन कुंड्यांत आनंदानं पेरल्या. उगवल्यावर लक्षात आलं. अगदीच वाया गेलं नाही म्हणा, एकीची दांडी लाल होती, दोघींची हिरवी. तेव्हापासून देणाऱ्याच्या तोंडचं नाव आहे तसं लिहिते, खाली आपलं नाव आणि दांडीचा, फुलाचा, बियाचा रंग.

अंबाडीबद्दल अजून एक. पाल्यासाठी ती उन्हाळ्यात पेरली तरी चालते, पण फुलं येतात ती दिवस लहान झाल्यावर. बी हवं असेल तर पावसाळ्यातली दोन झाडं दिवाळीनंतरपर्यंत उभी ठेवायची.

साठवायचं कुठे? फ्रीजमध्ये ठेवू का?

बियाचे शत्रू दोन, ओल आणि ऊन. ढोबळ नियम असा की बियातला ओलावा एका टक्क्यानं उतरला की आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं तरी दुप्पट. ओलाव्याच्या बाबतीत सोलापूर नशीबवान आहे, मार्च-एप्रिलची हवा पापडासारखी कोरडी. मार उष्णतेचा बसतो. पत्र्याखालच्या माळ्यावर 42 अंश असतील आणि खालच्या खोलीत भिंतीतल्या कपाटात 32, तर कपाटातलं बी चौपट टिकणार.

हा हिशेब मला उशिरा कळला. सासूबाईंच्या हातची भेंडी, पाच धारांची, बोटभर लांब झाली तरी कोवळी राहणारी. नीट वाळवली, बाटलीत भरली, बाटलीवर नाव घातलं आणि माळ्यावर ठेवली. दोन मे महिने ती तिथेच राहिली. काढून तपासली तर 20 तली एकही उगवली नाही. दुसरी बाटली कुणाकडेच नव्हती. आता प्रत्येक चांगल्या बियाचा एक वाटा मी दुसऱ्याच्या घरी ठेवते.

फ्रीज चालतो, पण बी पूर्ण कोरडं हवं आणि बाटली काचेची, घट्ट झाकणाची. तळाला कोरडे, खमंग भाजलेले तांदूळ गार करून फडक्याच्या पुरचुंडीत ठेवा, ते ओल ओढून घेतात. बाटली बाहेर काढली की लगेच उघडू नका. खोलीइतकी होऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. शेंगाचटणीची बाटली वापरणार असाल तर तेल पूर्ण गेल्याशिवाय बी घालू नका.

चवळी-वालाला भुंगा लागतो. किलोला चमचाभर एरंडेल चोळा, किंवा कोरडं बी घट्ट डबीत घालून चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा. राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला ही जुनी रीतही थोड्या बियाला पुरते.

बियाला कोणतं झाड सोडायचं?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपण चांगल्या भेंड्या खातो आणि हंगाम संपता संपता वाकडी, किडकी, चुकून राहिलेली भेंडी बियाला ठेवतो. पाच वर्षं असं केलं म्हणजे पाच वर्षं आपण वाकड्या भेंडीचीच निवड करत आलो.

उलटं करा. झाडं हातभर झाली की रोज दुपारी अडीच-तीनला एक चक्कर मारा. हो, भर उन्हात, डोक्याला पंचा बांधून. सकाळी सगळीच झाडं गुणी दिसतात. दुपारी कोणती पानं मिटून लोंबतात आणि कोणती नुसती सैल पडतात ते बघा. संध्याकाळी पाणी देण्याआधी पुन्हा बघा, आपापली सावरलेली कोणती? त्या झाडांना लाल चिंधी बांधा. आठवड्याभरात 15 तली चार-पाच झाडं चिंधीची होतात. मग त्यातली लवकर लागलेली, रोगमुक्त आणि चवीला चांगली अशी तीन निवडा. त्यांच्यावरची दुसरी-तिसरी भेंडी बियाला ठेवा, पहिली खाऊन चव बघा. पाणी कमी पडलेल्या कुंडीतलं झाड सुकलं म्हणून त्याला बाद करू नका. आधी सगळ्यांना पाणी सारखं द्या.

घरात सांगून ठेवा की चिंधीचं झाड तोडायचं नाही. आमच्याकडे एकदा बियाची काकडी कोशिंबिरीत गेली आहे. तेव्हापासून चिंधीबरोबर घोषणाही होते.

भेंडीची शेंग झाडावरच तडकेपर्यंत वाळू द्या. वांगं खाण्याच्या अवस्थेच्या खूप पुढे, पिवळं-तपकिरी होईपर्यंत. काकडी पिवळी, दोडका हलवला की आत बी खुळखुळेपर्यंत. मिरची लाल होऊन सुरकुतली की.

कोणाचं कोणाशी मिसळतं?

गवार, चवळी, मेथी, टोमॅटो जवळजवळ नाहीच. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोच्या दोन वाणांत 25 मीटर अंतर पुरतं. भेंडीला 200 मीटर, कारण तिच्या फुलावर मधमाशी येतेच. मिरचीलाही 200, म्हणून ढोबळीशेजारी लवंगी लावलीत तर पुढच्या वर्षी ढोबळीच्या भाजीनं ठसका लागू शकतो. वेलवर्गाला 500 मीटर. गच्चीवर हे जमणार कसं? एका हंगामात एका जातीचा एकच वाण बियाला धरायचा, आणि वेलांना हातानं फळवायचं.

काकडी आणि खरबूज मिसळतात ही समजूत चुकीची, ती मिसळत नाहीत. शेंदाड मात्र खरबुजाच्याच जातकुळीतलं आहे, ते मिसळतं. दोडका-घोसाळीही शेजारी नकोत.

दुधीची गोष्ट वेगळी आणि गंभीर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी तंबोऱ्याचे भोपळे पिकतात, ते मिरजेच्या कारागिरांकडे जातात. तो कडू भोपळा आणि आपला दुधी एकाच जातीचे. मधमाशीनं तिकडचा पराग इकडे आणला तरी यंदाचं फळ गोडच लागतं. कडूपणा त्याच्या बियातून पुढच्या वर्षी येतो. म्हणून दुधीच्या प्रत्येक वेलाचं पहिलं फळ शिजवण्याआधी कच्ची कणभर फोड जिभेला लावून बघा. कडू असेल तर थुंका, फळ टाका, वेल उपटा. कडू दुधीच्या रसानं लोक दवाखान्यात पोचले आहेत, मृत्यूही झाले आहेत.

हातानं फळवायची रीत अशी. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारी चारच्या सुमाराला उद्यावर न ढकलता, आज उमलणार अशी टपोरी मादी कळी शोधा. तिच्या मागे बोराएवढा छोटा दुधी असतो. तिचं तोंड दोऱ्यानं सैल बांधा, दोन नर कळ्याही बांधा. दिवेलागणीला नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोला, मधली पिवळी काडी मादी फुलात हलकेच फिरवा, पुन्हा बांधा, देठाला चिंधी. तांबड्या भोपळ्याचं हेच काम सकाळी चहाआधी.

टोमॅटो-वांग्याचं बी काढायचं कसं?

पिकलेला टोमॅटो पिळून गर भांड्यात घ्या, थोडं पाणी घाला, सावलीत दीड दिवस ठेवा. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो, बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. आपल्या हवेत दोन दिवसांच्या पुढे नेऊ नका, बी भांड्यातच मोड धरतं. चांगलं बी तळाला बसतं, पोकळ तरंगतं. धुवून ताटलीत पसरा. सोलापुरी टॉवेलवर मात्र वाळवू नका. मी वाळवलं होतं. त्याच्या फासांत एकेक बी असं अडकतं की चिमट्यानं उपसावं लागतं. वांग्याला आंबवायची गरज नाही, पाण्यात कुस्करून धुतलं की झालं.

वाळवणं सावलीत आणि वाऱ्याला. कुरडया वाळतात म्हणून बीही गच्चीच्या फरशीवर टाकलंत तर ते भाजून निघेल. भोपळ्याचं बी वाकवून बघा: मोडलं तर वाळलं, लवलं तर अजून दोन दिवस.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. एवढ्यात बाग जमते का?

जमते, लहान केली तर. कुंड्या मोठ्या आणि कमी ठेवा. लहान कुंडी दुपारपर्यंत तापून कोरडी होते. नुसती काळी माती कुंडीत दगड होते, तिच्यात निम्म्याच्या आसपास शेणखत आणि पालापाचोळा हवा. वर उसाच्या पाचटाचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन. मार्चअखेरीपासून हिरवी जाळी, निम्मी सावली देणारी. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना.

गावरानाला रोग येत नाही ना?

येतो. गावरान भेंडीवर उन्हाळ्यात पांढरी माशी आली की हळद्या पडतो, पानं शिरांसकट पिवळी होतात आणि झाड जवळपास संपतं. परभणी क्रांती याच रोगाला तोंड देण्यासाठी काढली होती. पिवळं पडलेलं पहिलंच झाड उपटून टाका, त्याची माया करू नका. फळमाशी दोडक्या-काकडीला सोडत नाही; कोवळी फळं कागदी पिशवीत बांधली की बरीच वाचतात.

बी दुसऱ्यांना देणं किंवा विकणं कायद्यात बसतं का?

बसतं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं पाकीटबंद करून विकायला मात्र मनाई आहे. गल्लीत मूठभर दोडका वाटायला कुणाची परवानगी लागत नाही.

मे महिन्यात सगळं वाळून गेलं तर?

काही वर्षी जाईलच. 44-45 अंशांत जे झाड उभं राहिलं, मग ते एकच का असेना, त्याच्यावर दोन शेंगा तरी वाळल्या आहेत का ते आधी बघा. त्या काढा आणि वेगळ्या पाकिटात ठेवा, ‘मे तगली’ असं लिहून. माझ्याकडची गवार अशाच एका झाडाची आहे. बाकीच्या कुंड्यांतली माती उपसून ताडपत्रीवर उन्हात पसरा, आठवडाभर तापू द्या. डब्यातला ‘मृग’चा कप्पा पुढे घ्या आणि वालाची तपासणी मेअखेरच करून ठेवा, कारण 7 जूनला पहिला शिडकावा झाला तर पंचाची पट्टी शोधायला वेळ नसतो.